सँडीगेटचें उतरतें मैदान

शेफील्ड शहराच्या पश्चिमेस, टेकडीच्या उतारावर, सँडीगेटचें मैदान आहे. तेथें १८०४ पासून क्रिकेट चाले. १८६० सालीं हॅलम क्लबानें त्याच गवतावर फुटबॉल आणला. त्या वर्षीं २६ डिसेंबरला शेजारच्या शेफील्ड क्लबाशीं सामना झाला. दोन क्लबांमधील जगांतला पहिला सामना तो हाच, असें मानतात. यजमान दोन गोलांनीं हरले.

पण जिंकणाऱ्यांचें नशीब पाहा! १८५७ सालीं स्थापन झालेला हा सर्वांत जुना क्लब पुढें बिऱ्हाडें बदलीत हिंडला. स्वतःच्या मालकीचें मैदान त्यास २००१ सालीं लाभलें, तेंही शहराबाहेर, ड्रॉनफील्डला. सँडीगेट मात्र जगांतील सर्वांत जुनें फुटबॉल-मैदान गणलें जातें. हॅलमचा संघ आजहि तेथेंच खेळतो, आणि चेंडू अजून उताराकडेच ओढ घेतो.