कर्ज जिथे थांबतं तिथून पुढे: ब्रॅकची गोष्ट

मायक्रोफायनान्स म्हटलं की मुहम्मद युनूस आणि ग्रामीण बँक ही नावं लगेच येतात. पण संशोधनाचा प्रश्न कसा तयार होत जातो हे बघायचं असेल, तर मला बांगलादेशातलीच दुसरी संस्था, ब्रॅक, जास्त उपयोगी वाटते.

फझले हसन आबेद यांनी १९७२ मध्ये ती सुरू केली ती युद्धानंतर परतलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी. छोट्या कर्जांचं काम १९७४ पासूनचं. पुढे ब्रॅकच्याच लोकांच्या लक्षात आलं, की गावातली सगळ्यात गरीब बाई कर्जाच्या गटात दिसतच नाही. कारण साधं आहे. हप्ता आठवड्याला भरायचा, आणि हिची मजुरी कधी मिळते, कधी नाही. शेजारणी तिला गटात घ्यायला बिचकतात, आणि ती स्वतःही कर्जाला घाबरते.

१९८५ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाच्या गव्हाला प्रशिक्षण, बचत आणि मग कर्ज अशी जोड देऊन बघितली. तरीही काही जणी मागेच राहिल्या. म्हणून २००२ मध्ये क्रमच उलटा केला: आधी गाय, शेळ्या किंवा कोंबड्या, त्याही फुकट. सोबत प्रशिक्षण, घरी येणारी कार्यकर्ती आणि काही काळ थोडा भत्ता. भत्ता का? घरात खायला नसेल तर गाय विकली जाणारच!

याची तपासणी कशी झाली तेही बघण्यासारखं आहे. २००७ पासून १,३०९ गावांतल्या २१,००० हून अधिक कुटुंबांचं सर्वेक्षण सात वर्षांत चार वेळा झालं. ब्रॅकच्या कुठल्या शाखांत कार्यक्रम आधी न्यायचा हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलं. विज्ञान शाखेतून येणाऱ्यांना कंट्रोल ग्रुप नवा नाही, पण इथे तो कायम कंट्रोल राहत नाही. चार वर्षांनी त्या गावांनाही कार्यक्रम मिळाला. त्यामुळे सातव्या वर्षाचे आकडे वाचताना जपून. त्यांची तुलना चौथ्या वर्षाइतकी स्वच्छ नाही.

निष्कर्ष असा की बायका शेतमजुरी आणि धुणीभांडी सोडून गुरं पाळण्याकडे वळल्या, कमाई वाढली. याच्या शेजारी हैदराबादचा अभ्यास ठेवा. तिथल्या १०४ वस्त्यांपैकी ५२ वस्त्यांत स्पंदना कंपनीने आधी नुसतं कर्ज दिलं. टिकाऊ वस्तूंवरचा खर्च वाढला, पण एकूण दरडोई खर्चात ठळक फरक दिसला नाही. अर्थात शहर वेगळं, लोक वेगळे, त्यामुळे ही थेट स्पर्धा नव्हे. तरी ‘कर्ज मिळालं’ आणि ‘गरिबी कमी झाली’ ही दोन वेगळी विधानं आहेत, हे इथे नीट दिसतं.

मला सगळ्यात जास्त खिळवणारा भाग २०२२ चा आहे. मैत्रीश घटक आणि सहकाऱ्यांनी बांगलादेशचीच आकडेवारी पुन्हा उघडली आणि सरासरी बाजूला ठेवून बघितलं. गाय मिळाल्यावर ज्यांची एकूण मालमत्ता एका उंबरठ्याच्या वर गेली, त्या पुढे चढत गेल्या. ज्यांच्याकडे आधी इतकं कमी होतं की गाय धरूनही उंबरठा गाठता आला नाही, त्या हळूहळू परत खाली घसरल्या.