बायस व्होल्टेज तपासणी

पंप, पंखे, टर्बाइन यांसारख्या फिरत्या यंत्रांवर बसवलेल्या कंपन सेन्सरचे विद्युत-आरोग्य तपासण्याची प्राथमिक चाचणी. कारखान्यांत सर्रास आढळणाऱ्या पायझोइलेक्ट्रिक अ‍ॅक्सेलरोमीटरमध्ये सिरॅमिक किंवा स्फटिकाशेजारीच एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो. त्याला बहुधा २४ व्होल्ट डीसी पुरवठ्यातून २ ते २० मिलिअँपिअर एवढा स्थिर प्रवाह दिला जातो. वीज आणि संकेत एकाच तारजोडीतून जात असल्याने यंत्र बंद असतानाही तारांवर ठरावीक डीसी व्होल्टेज असते. हेच बायस व्होल्टेज. बहुतेक सेन्सरांत ते १२ व्होल्टच्या आसपास असते आणि कंपनाचा एसी संकेत याच पातळीच्या वर-खाली हलतो.

पुरवठा चालू ठेवून, मल्टिमीटर डीसीवर लावून जंक्शन बॉक्सच्या टर्मिनलांवर हे मोजतात. सेन्सरला स्थिरावायला काही सेकंद द्यावे लागतात. वाचन पुरवठ्याइतके, म्हणजे २४ च्या जवळ आले, तर परिपथ खुला आहे: केबल तुटली किंवा कनेक्टर सुटला. शून्याजवळ आले, तर तारा शॉर्ट आहेत किंवा पुरवठाच पोचत नाही. मधलेच, पण नेहमीपेक्षा बरेच वेगळे आले, तर अ‍ॅम्प्लिफायरवर संशय घ्यावा. अतितापमान, जोराचा आघात आणि स्थिरविद्युत ही तो बिघडण्याची नेहमीची कारणे. आकडा स्थिर न राहता सरकत असेल, तर आधी कनेक्टर उघडून पाहावा. वाफेच्या किंवा धुण्याच्या जागी पिनांमध्ये ओल शिरलेली, पिना हिरवट पडलेल्या हमखास सापडतात.

या तपासणीचे खरे मोल सुरक्षिततेत आहे. केबल तुटलेल्या सेन्सरचे कंपन पडद्यावर जवळजवळ शून्य दिसू शकते आणि बिघडत चाललेले यंत्र शांत भासते. म्हणून चांगल्या ऑनलाइन प्रणाली बायसवर सतत नजर ठेवतात आणि तो मर्यादेबाहेर गेला, की कंपनाचे वाचनच अविश्वसनीय ठरवतात.

बायस योग्य आहे म्हणून संवेदनशीलताही योग्य आहे, असे मात्र नाही. त्यासाठी कॅलिब्रेशन लागते. ढिला बसवलेला सेन्सरही अचूक बायस दाखवतो. केबलचा इन्सुलेशन रोध मेगरने मोजायचा असल्यास सेन्सर आधी सोडवलाच पाहिजे, कारण मेगरच्या व्होल्टेजने आतला अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो.