बुडनब्रोक्स

टोमास मान (१८७५–१९५५) ह्याच्या त्याच नावाच्या कादंबरीवर आधारलेला जर्मन मूकपट. दिग्दर्शक गेरहार्ट लाम्प्रेख्त (१८९७–१९७४). ऑगस्ट १९२३ च्या अखेरीस तो बर्लिन येथे प्रथम प्रदर्शित झाला.

१९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ कादंबरीत एका धान्यव्यापारी घराण्याच्या चार पिढ्यांचा ऱ्हास चित्रित केलेला असून, तिचा काळ १८३५ ते १८७७ असा आहे. शहराचे नाव मानने दिलेले नसले, तरी ते त्याचे जन्मगाव ल्यूबेक होय, हे वाचकांनी तेव्हाच ओळखले होते. चित्रपटाच्या काही बाह्यदृश्यांचे चित्रण तेथेच झाले.

लाम्प्रेख्तने मात्र कथानक मुख्यतः एका पिढीपुरते मर्यादित केले आणि ते १९२० नंतरच्या काळात आणून ठेवले. टोमास (पेटर एसर), त्याची पत्नी गेर्डा (माडी क्रिस्टियान्स) आणि बेजबाबदार भाऊ क्रिस्टियान (आल्फ्रेड आबेल) ह्यांच्याभोवती ते फिरते. हा बदल साधा नव्हे. कादंबरीचे खरे सामर्थ्य काळाच्या संथ गतीत आहे. पिढीगणिक व्यवहारबुद्धी क्षीण होत जाते व संवेदनशीलता वाढत जाते. एकाच पिढीच्या कथेत हा ऱ्हास उरत नाही, उरते ती पेढीवरील आर्थिक संकटाची आणि दांपत्यातील दुराव्याची हकीकत. मानला चित्रपट रुचला नाही, ह्यात नवल नाही. कादंबरीतील निवेदनाचा सूक्ष्म उपरोधही मूकपटाच्या लिखित फलकांत मावणारा नव्हता.

तथापि समकालीन पोशाखातील ही कथा अगदीच निरर्थक ठरत नाही. त्या सुमारास जर्मनीत चलनफुगवट्याने कहर केला होता. ऑगस्टअखेर एका डॉलरला सु. १ कोटी मार्क मोजावे लागत. पिढीजात बचत मातीमोल झालेल्या मध्यमवर्गीय प्रेक्षकाला बुडणारी पेढी ही आजोबांच्या काळातील गोष्ट वाटण्याचे कारण नव्हते.

अभिनयात आबेल विशेष लक्षात राहतो. पुढे मेट्रोपोलिस (१९२७) ह्या मूकपटात नगराच्या सत्ताधीशाची कठोर भूमिका त्यानेच केली.

मानला १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, ते प्रामुख्याने ह्या कादंबरीसाठी. तिच्यावर १९५९ व २००८ मध्ये पुन्हा चित्रपट निघाले. लाम्प्रेख्तने जन्मभर जुने चित्रपट व त्यांसंबंधीची कागदपत्रे जमविली. त्या संग्रहाच्या आधारे १९६३ मध्ये बर्लिन येथे जर्मन चित्रपटसंग्रहालय स्थापन झाले व जर्मन मूकपटांची त्याने तयार केलेली बहुखंडी सूची १९६७ पासून प्रसिद्ध होऊ लागली.