पटिया, ओटा आणि पिठाची चक्की

यंदाच्या स्मरणिकेत आपल्या वसाहतीच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असा मंडळाचा आदेश झाला तेव्हा आम्ही आधी मंडळाचे लोखंडी कपाट उघडले. आम्ही म्हणजे प्रस्तुत लेखक आणि धूळ खायला तयार झालेली आणखी दोन-तीन मंडळी. जुन्या स्मरणिकांचा गठ्ठा सुतळीने बांधलेला होता. काहींना वाळवी लागलेली, मधली काही वर्षे गायबच. अध्यक्षांचे मनोगत, कार्यकारिणीची यादी, अथर्वशीर्षाचे महत्त्व, पाककृती असे सगळे वाचत गेलो आणि संध्याकाळपर्यंत लक्षात आले की आपला खरा इतिहास मागच्या पानांवर आहे. जाहिरातींच्या पानांवर.

किराणा, शिंपी, चक्की, भांड्यांचे दुकान, एसटीडी-पीसीओ, पोहे-जलेबीचे हॉटेल. सुरुवातीच्या जाहिरातींत फोन नंबरच नाही. पुढे नंबर येतो, पण त्यापुढे ‘पी.पी.’ लिहिलेले, म्हणजे फोन शेजारच्याकडे. मग सहा आकडी, त्यानंतर दोनाने सुरू होणारा सात आकडी, मग मोबाइल. अलीकडच्या अंकांत मात्र दुकानेच कमी होत जातात. त्यांच्या जागी बिल्डर, कोचिंग क्लास आणि दातांचे दवाखाने येतात. ‘एका शुभचिंतकाकडून’ असा कोरा चौकोन वाढला की समजावे, त्या वर्षी जाहिराती जमवताना कार्यकर्त्यांची दमछाक झाली होती.

ही दुकाने आपल्यासाठी इतकी महत्त्वाची का ठरली, हे समजायला जरा मागे जावे लागते.

ग्वाल्हेर, इंदूर, देवास, धार येथल्या मराठी माणसाला वस्ती आयती मिळाली. वाडे होते, देवळे होती, मराठी शाळा होत्या, दरबार होता. १८९२ मध्ये पुण्याचे कृष्णाजीपंत खासगीवाले ग्वाल्हेरला गेले, तिथला सार्वजनिक गणेशोत्सव पाहून आले आणि ती गोष्ट त्यांनी पुण्यात सांगितली, हे आपण मध्यप्रदेशातली मराठी माणसे जरा जास्तच अभिमानाने सांगतो. भोपाळचे तसे नाही. हे नबाबी शहर. मराठ्यांचा या शहराशी ठळक संबंध आला तो वेढ्याच्या निमित्ताने. डिसेंबर १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावांनी निजामाला भोपाळात कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये जवळच्या दोराहा येथे तह झाला. फौज परत गेली. मागे वाडा राहिला नाही, आळी राहिली नाही.

आपण आलो ते त्यानंतर दोनशे अठरा वर्षांनी, आणि तलवार नव्हे, फायली घेऊन. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य झाले. जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, राजधानी भोपाळला आली, आणि नागपूरच्या सचिवालयातले कितीतरी कारकून, लेखापाल, अनुरेखक आपापल्या कपाटांसह इकडे आले. मध्यभारताचे कर्मचारी ग्वाल्हेर-इंदूरहून आले. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली. ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजच्या सहकार्याने उभा राहिलेला हा कारखाना ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केला. १९५१ मध्ये जेमतेम लाखभर वस्तीचे असलेले हे शहर १९६१ मध्ये दोन लाख वीस हजारांच्या पुढे गेले. त्या वाढलेल्या लाखात आपले आजोबा आणि वडील आहेत.

आता गंमत पाहा. सरकारी क्वार्टर असो की भेलचे, ते मिळते ग्रेड पाहून. भाषा पाहून नव्हे. त्यामुळे एका रांगेत केरळचे, बंगालचे, भोजपुरी, पंजाबी आणि मधूनच एखादे मराठी घर. नागपूरच्या महालात किंवा पुण्याच्या पेठेत दारातून बाहेर पाऊल टाकले की चार ओळखीचे भेटत. इथे आपल्या भाषेचे माणूस आहे की नाही, हेच कळायला मार्ग नव्हता. घरांना ओटेही नव्हते. कुंपण, फाटक, पेरूचे झाड, आणि मग दार.

जुन्या भोपाळला ही अडचण कधी आली नाही. चौकात, इब्राहिमपुऱ्यात दुकानांपुढे दगडी फरशा असत. त्यांना पटिये म्हणत. दुकान बंद झाले की रात्री तिथे बैठक बसे. गप्पा, बुद्धिबळ, शेरोशायरी, शहराच्या उखाळ्यापाखाळ्या. या पटियेबाजीवर जुने भोपाळी अजून हळवे होतात. आपल्याकडचा गावाचा पार, नागपूरचा ओटा, मुंबई-पुण्याचा कट्टा, त्याच जातीचा हा पटिया. आणखी एक साम्य आमच्या एका ज्येष्ठांनी दाखवले. पुण्यात बुधवार, शनिवार, रविवार या पेठा, तर भोपाळात इतवारा, मंगलवारा, बुधवारा आणि गुरुवारची जुमेराती. दोन्ही शहरांनी वार बाजाराला दिले आणि बाजार वस्तीला.

नव्या भोपाळात मात्र वार गेले आणि आकडे आले. अकराशे क्वार्टर, बाराशे पन्नास क्वार्टर, दस नंबर, बारह नंबर. आपले साकेत नगरही आकड्यांतलेच: दोन-ए, दोन-बी, दोन-सी, नऊ-ए, नऊ-बी. भेलच्या निवृत्त माणसाला क्वार्टर सोडावे लागे, पण बरखेड्याचा विजय मार्केट आणि कस्तुरबा रुग्णालय सोडवत नसे. म्हणून जवळच्याच या वसाहतीत त्याने भूखंड घेतला. आपल्यापैकी निम्म्या घरांची कथा हीच आहे. आम्ही सरकारी नोकरीत नकाशे वाचणारी माणसे. वसाहतीच्या मंजूर नकाशात उद्यान असते, शाळा असते, ‘सुविधाजनक दुकाने’ म्हणून एक छोटा चौकोन असतो. माणसांनी एकमेकांना कुठे भेटावे, यासाठी कोणताही रंग ठरलेला नाही. ते काम त्या छोट्या चौकोनाने केले.

त्यातही चक्कीने सर्वांत जास्त. कारण साधे आहे. सीहोर-विदिशाचा गहू आपल्या दाराशी. एप्रिल-मे महिन्यात वर्षाचा शरबती गहू घ्यायचा, निवडायचा, कोठीत भरायचा, आणि दर आठवड्याला एक डबा दळून आणायचा. मुंबईच्या माणसाला पिठाची पिशवी घेऊन निघता येते. आपल्याला चक्कीवर थांबावेच लागे. वीज गेली तर तासभर.

आमच्या लहानपणी चक्कीसमोर माणसांची रांग नसे, डब्यांची असे. पत्र्याचे डबे, आणि हरवू नयेत म्हणून त्यांवर तेलरंगाने लिहिलेली आडनावे. ‘कर’ने संपणारे नाव दिसले की आई विचारी, “भैया, हे डबेवाले कुठे राहतात?” अशा रीतीने डब्यावरून घर सापडे, घरावरून गाव, आणि गावावरून हमखास कुणीतरी लांबचा नातेवाईक. वर्गणीची पहिली यादी चक्कीवर बसून डब्यांवरची नावे उतरवून केली गेली, असे आमच्या ज्येष्ठांकडून आम्ही अनेकदा ऐकले आहे. यात एक गफलत झाली. एका डब्यावर मराठी आडनाव पाहून कार्यकर्ते त्या घरी गेले, तर डबा जुन्या बाजारातून विकत घेतलेला आणि घर मल्याळी. त्यांनी वर्गणी दिली, शिवाय पुढची कितीतरी वर्षे आरतीला आले.

चक्कीवाले भैया बुंदेलखंडातले. पण चकलीची भाजणी, थालीपिठाची भाजणी आणि उपवासाची भाजणी यांतला फरक त्यांना आमच्या नव्या सुनांपेक्षा चांगला कळतो. आषाढी, नवरात्र आणि महाशिवरात्रीच्या आधी एक सकाळ ते दगड पुसून, पट्टा झटकून फक्त वरई-राजगिरा दळत. “आज भाजनी का दिन है, गेहूँ कल लाना,” असे इतर गिऱ्हाइकांना बजावत. त्या सकाळी चक्कीवर जवळजवळ सगळे मराठी घर हजर असे. हळदी-कुंकवाची आमंत्रणे, स्थळे, कुणाच्या मुलाला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला, कुणाची बदली बालाघाटला झाली, सगळे तिथेच. डिप्लोमाला आम्हाला कोणत्या शाखेत घालायचे हेही, आमच्या आठवणीप्रमाणे, भाजणीच्या रांगेतच ठरले.

किराणा दुकानदार सिंधी. फाळणीनंतर बैरागढला आलेल्या कुटुंबांपैकी. त्यांनी सुरुवातीला आमच्या सांगण्यावरून गोडा मसाला ठेवला, मग वर्ष संपत आले की कालनिर्णय ठेवू लागले. दाराशी कालनिर्णय टांगलेले दिसले की नवीन बदली होऊन आलेले मराठी कुटुंब आपोआप आत शिरे, आणि शेठ वहीत त्यांचे खाते उघडता उघडता आमच्याकडे बोट दाखवत. आपले घर सोडून आलेल्या माणसाला दुसऱ्याची अडचण कळते, असे आम्हाला वाटते. शेठनी हे कधी बोलून दाखवले नाही. उधारी मात्र वेळेवर मागितली.

एसटीडी बूथबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. रात्री अकरानंतर पाव दर लागे, म्हणून साडेदहापासूनच बाकावर गर्दी. काचेचे दार लागायचे नाही, आणि नागपूरची आत्या कमी ऐकायची. त्यामुळे कुणाचे ऑपरेशन, कुणाची वाटणी, कुणाचे जमत आलेले लग्न हे बाकावरच्या सर्वांना त्याच रात्री ठाऊक होई. खासगीपणा शून्य. पण वाईट बातमी आली तर माणूस बूथबाहेर एकटा पडत नसे. आमच्या घरी आजोबा गेल्याचा निरोप याच बूथवर आला. रात्रीच्या गाडीने निघायचे होते. बाकावरच्या एकाने स्कूटर काढून वडिलांना हबीबगंज स्टेशनवर सोडले, दुसऱ्याने खिशात होते तेवढे पैसे दिले. दोघांचीही तोवर फक्त तोंडओळख होती.

मग मोबाइल आला आणि बूथचे झेरॉक्सचे दुकान झाले. २०१२ मध्ये एम्समध्ये वर्ग सुरू झाले आणि साकेत नगरचा चेहराच बदलला. घराघरांत वरच्या मजल्यावर भाडेकरू, कोपऱ्याकोपऱ्यावर औषधांची दुकाने, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी खानावळी. हबीबगंज स्टेशन २०२१ मध्ये राणी कमलापती झाले. मेट्रोचे खांब एम्सपर्यंत आले. हे सगळे चांगलेच आहे, तक्रार नाही. भूखंडांचे भाव वाढले तेव्हा आपल्यापैकी कुणी रडले नाही. पण भाव वाढले तशी दुकानांची भाडीही वाढली, आणि दहा रुपये किलोमागे कमावणारे दुकान त्या भाड्यात बसत नाही. दुसरीकडे आम्हीच, होय आम्हीच, तयार पिठाची पिशवी मोबाइलवरून मागवू लागलो. वर्षाचा गहू भरायला फ्लॅटमध्ये कोठी ठेवायची कुठे, हा प्रश्न खराच आहे. पण कोठी गेली, त्याबरोबर डबा गेला आणि डब्याबरोबर रांग.

रांग गेल्याने काय गेले, ते आम्हाला २०२१ च्या एप्रिलमध्ये कळले. आपल्या वसाहतीत कितीतरी जोडपी एकटी राहतात. मुले पुण्यात, बंगळुरूला, काही परदेशात. मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप गट होता, त्यावर रोज शुभ सकाळ होत होती. तरी एका घरात दोघेही तापाने पडून आहेत, हे गटावरच्या कुणालाही समजले नाही. ते समजले सांचीच्या दूध बूथवाल्याला. सलग दोन दिवस त्यांच्या दोन पिशव्या तशाच राहिल्या, म्हणून तो घरी जाऊन फाटक वाजवत उभा राहिला आणि मग त्याने आम्हाला फोन केला. दोघेही वाचले. काकू यंदाही अथर्वशीर्षाच्या आवर्तनाला बसणार आहेत. त्यानंतर आम्ही एकट्या ज्येष्ठांची यादी केली, आणि ती करायला बसलो तेव्हा मंडळाच्या नोंदवहीपेक्षा बूथवाल्याची आणि चक्कीवाल्याची आठवण जास्त उपयोगी पडली. कोण कोणत्या गल्लीत, कुणाकडे कामाला बाई येते, कुणाला जिना चढवत नाही, हे त्यांना तोंडपाठ.

आता चक्कीची बातमी. भैयांनी आम्हाला सांगितले आहे की दिवाळीनंतर ते बंद करणार. मुलगा खासगी नोकरीत आहे, त्याला यात रस नाही. दगडाला टाकी लावणारा कारागीर आता सहज मिळत नाही, आणि घरमालकाला जागा औषधांच्या दुकानासाठी द्यायची आहे. मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला. कुणी म्हणाले, मंडळाने जागा घ्यावी. कुणी विचारले, आपल्यातले किती जण तिथे दळायला जातात? हात वर करायला सांगितले. एकोणतीस जणांत सहा हात वर झाले. त्या सहांत प्रस्तुत लेखकाचा हात नव्हता, हे इथे नोंदवून ठेवतो. निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे.

तोवर दोन सूचना. हरतालिकेच्या आदल्या दिवशी सकाळी सात ते अकरा चक्कीवर फक्त मोदकांची तांदळाची पिठी दळली जाईल. तांदूळ धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून आणावेत आणि डब्यावर नाव लिहावे. आणि कपाटातल्या गठ्ठ्यात मधल्या वर्षांच्या स्मरणिका नाहीत. कुणाच्या माळ्यावर असतील तर मंडपातल्या टेबलावर आणून द्याव्यात. मुखपृष्ठ फाटलेले चालेल, मागची जाहिरातींची पाने तेवढी शाबूत हवीत.