तीन बोटांची चिमूट

श्रोतेहो, अंगावर पिणाऱ्या मुलाला जुलाब लागले, की घरातली वडीलधारी मंडळी हुकूम सोडतात, "त्याचे दूध तोडा, पोटाला विसावा द्या." एकदोन दिवसांत मुलाचे डोळे खोल जातात, टाळू खाली बसते. मग म्हणतात, टाळू पडली म्हणून पोर आजारी झाले. खरे पाहता गोष्ट उलटी आहे. अंगातले पाणी सरले म्हणून टाळू बसली!

ही चूक एकट्या आजीबाईंची नव्हे. डॉक्टरही पुष्कळ वर्षे अशा मुलांना उपाशी ठेवीत. वास्तविक १८३२ साली स्कॉटलंडमधील लीथ गावी टॉमस लॅटा या वैद्याने पटकीच्या रोग्यांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले होते, आणि मरणाच्या दारातली काही माणसे त्याने सावरली होती. पण सुई आणि सलाईनची बाटली खेडोपाडी कोठून यावी? नुसते मीठपाणी पाजावे, तर जुलाबात आतडे ते नीट शोषून घेत नाही. १९६० साली रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने याचे मर्म सांगितले. साखर आतड्यातून आत शिरताना मिठाला बरोबर घेऊन जाते, आणि त्यांच्यामागून पाणी जाते.

त्याची खरी कसोटी १९७१ साली लागली. पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित आले आणि बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यूंचे प्रमाण तेथे शेकडा ३.६ वर आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

पुढे १९८० ते १९९० या काळात बांगलादेशातील 'ब्रॅक' संस्थेच्या बायका एक कोटीहून अधिक घरी गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, एवढाच त्यांचा धडा. आयांच्या तो किती ध्यानात राहिला, हे पाहून त्यांचा पगार ठरे!

आज आरोग्य केंद्रात जलसंजीवनीची पुडी मिळते. मीठ हाताने कमीजास्त पडू शकते, म्हणून पुडीच बरी. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात ती कालवावी आणि वाटीचमच्याने थोडे थोडे पाजावे. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू द्यावे. आईचे दूध मुळीच तोडू नये. जस्ताच्या गोळ्या आरोग्यसेविका सांगेल तशा द्याव्यात. मूल गुंगले, पिईना, शौचातून रक्त पडले किंवा लघवी थांबली, तर घरी वाट न पाहता दवाखाना गाठावा. दोन महिन्यांच्या आतील बाळाला तर लगेच न्यावे.

गुरुजनहो, हा धडा वर्गात अवश्य सांगा. घरी धाकटे भावंड मुलांच्याच कडेवर असते.