आजी, रिमोट आणि किंचाळणारं व्हायोलिन

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना जे अडखळलो ते जरा सरळ केलंय, एवढंच.

लहानपणी आमच्या गंगापूरच्या घरी टीव्हीवर 'झपाटलेला' लागला की मी उशीच्या मागे जायचो. आजीने त्यावर साधा उपाय काढला होता: रिमोट घ्यायचा आणि आवाज बंद करायचा. आवाज गेला की तात्या विंचू म्हणजे जत्रेतला बाहुला! भीती कुठल्या कुठे. 'सीआयडी' लागलं की ती पडद्याकडे न बघता, मेथी निवडता निवडता सांगायची, "आता मुडदा सापडतोय बघ." आणि सापडायचा. तिला ते व्हायोलिन आधीच सांगून जायचं.

आता गंमत बघा. या प्रकारातला सगळ्यात प्रसिद्ध प्रसंग आधी असाच 'म्यूट' होणार होता. 'सायको', साल १९६०. शॉवरखालच्या खुनाला संगीत नको, असं हिचकॉकचं मत होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही लिहिलं, ऐकवलं, आणि हिचकॉकने मत बदललं. हरमनने अख्ख्या सिनेमाला फक्त तारवाद्यं घेतली होती. ट्रम्पेट नाही, ढोल नाही. चित्र काळंपांढरं आहे तर आवाजही तसाच हवा, असं त्याचं म्हणणं. खुनाच्या वेळी व्हायोलिनं अगदी वरच्या टोकाला जातात, एकमेकांना घासणारे स्वर एकत्र वाजतात, आणि गज दर वेळी तारेवर जोरात ओढला जातो. सुरेलपणाची काही अपेक्षाच नाही.

हे अंगावर का येतं? माझ्यातल्या इंजिनिअरला इथे राहवत नाही. वरातीत डीजेचा आवाज क्षमतेपलीकडे वाढवला की स्पीकर 'फाटतो' ना, तसाच जिवाच्या आकांताने ओरडणाऱ्या प्राण्याचा गळाही फाटतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातले डॅनियल ब्लमस्टीन मार्मोट नावाच्या खारीच्या जातभाईंचा अभ्यास करायचे. पिल्लं पकडल्यावर अशी फाटकी किंकाळी मारतात, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १०२ सिनेमांचे साउंडट्रॅक तपासले आणि २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. हॉरर सिनेमांत खरखरीत किंकाळ्यांचं प्रमाण जास्त निघालं. म्हणजे व्हायोलिन तिथे पिल्लाचं काम करतं. तसा गज थरथरवून ताण उभा करण्याचा प्रकार जुनाच आहे. इटलीत मॉन्टेव्हर्दीने १६२४ मध्येच लढाईच्या प्रसंगासाठी तो वापरला होता.

पण मला खरं बोलायचंय ते मुंबईबद्दल.

आपल्याकडे भीती बराच काळ गाण्यात असायची. 'महल' (१९४९) घ्या, लताबाईंचा आवाज आणि रिकामा वाडा. मराठीत 'पाठलाग' (१९६४), ज्यावरून पुढे हिंदीत 'मेरा साया' निघाला, किंवा 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६): रहस्य आठवण्याआधी गाणी आठवतात. याउलट बी. आर. चोप्रांचा 'कानून' बघा. 'सायको'च्याच वर्षी आला आणि त्यात एकही गाणं नाही. पुढे यश चोप्रांचा 'इत्तेफाक' (१९६९), तोही बिनगाण्याचा. दोन्हींचं पार्श्वसंगीत सलील चौधरींचं. गाणी नाहीत म्हटल्यावर प्रेक्षकाला खुर्चीत धरून ठेवायची जबाबदारी वादकांवर आली.

आणि हे वादक कोण? व्हायोलिनच्या रांगेत कितीतरी गोव्याचे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. तीच पोरं मोठी होऊन मुंबईच्या स्टुडिओत आली. तिथे पार्श्वसंगीत करताना समोर पडद्यावर रीळ फिरायचं, अरेंजरने लिहिलेला कागद स्टँडवर, आणि चाकू वर जाईल त्याच क्षणी तीसेक गज एकदम खाली यायला हवेत. एक जण चुकला तर रीळ मागे, सगळं पहिल्यापासून. पैसे शिफ्टवर. पडद्यावर नाव संगीत दिग्दर्शकाचं, फार तर अरेंजरचं.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यापैकीच. १९४३ मध्ये कोवळ्या वयात मुंबईत आले, नौशादांकडे व्हायोलिन वाजवलं, मग अरेंजर झाले. १९५८ मध्ये त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात भारतीय राग आणि पाश्चात्य वाद्यवृंद एकत्र आणणारे कार्यक्रम केले. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल त्यांचे व्हायोलिनचे शिष्य. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधलं अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभचं गाणं आठवतंय? त्यातलं नाव म्हणजे प्यारेलालनी गुरूला केलेला नमस्कार. मला कॉलेज संपेपर्यंत ते नुसतं गमतीचं नाव वाटायचं, खरं सांगतो.

मग कीबोर्ड आला. नव्वदच्या दशकात तर एका माणसाच्या बोटाखाली तीस व्हायोलिनं आली. रोजच्या मालिकेच्या बजेटमध्ये तीस वादक बसत नाहीत, हेही खरं. शिफ्ट कमी झाल्या. अनेकांनी शिकवण्या धरल्या, लग्नात, हॉटेलात वाजवलं.

आता कबुली. आपल्या पॉडकास्टच्या खून-दरोडेवाल्या भागांत मी जो 'च्चीं' आवाज टाकतो, तो फुकटच्या सॅम्पल लायब्ररीतला आहे. चार सेकंदांची फाइल. हा भाग तयार करताना तिची माहिती पहिल्यांदा उघडून पाहिली. फाइलचा आकार आहे, फ्रिक्वेन्सी आहे, परवाना आहे. वाजवणाऱ्याच्या नावाची जागा रिकामी.

तो आवाज मी या भागात वापरलेला नाही. तुमच्या घरात, ओळखीत कुणी स्टुडिओत शिफ्ट केल्या असतील, तर कळवा. नाव त्यांनी परवानगी दिली तरच घेऊ. पुढच्या भागासाठी मला त्यांच्याकडून चार सेकंद वाजवून घ्यायचेत. पैसे देऊन.