आधी अक्षर, मग यंत्र : मराठी छपाईच्या धंद्यातील संगणकाची निवड

वैयक्तिक संगणकाचा इतिहास बहुधा वेगाच्या आणि मेमरीच्या आकड्यांत सांगितला जातो. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झ वेगाने चाले. पुढे २८६, ३८६, ४८६ आणि पेंटियम अशी चढती मालिका आली. यंत्राचे भाग आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्यातला सगळा व्यवहार सांभाळणारी मूळ प्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. तिची प्रत्येक नवी आवृत्ती आधीच्यापेक्षा अधिक मेमरी मागत गेली. विंडोज ९५ ला किमान ४ एमबी रॅम पुरे, विंडोज ९८ ला १६ एमबी लागे, आणि विंडोज २००० साठी ६४ एमबीची शिफारस होती. ग्राहकाने यंत्र का बदलले याचे उत्तर या आकड्यांतून सहज मिळते. परंतु मराठी मजकूर जुळवून पोट भरणाऱ्या डीटीपीच्या धंद्याला, म्हणजे संगणकावर पाने जुळवून ती छापखान्याकडे पाठवणाऱ्या व्यवसायाला, हे उत्तर पुरे पडत नाही. तिथे निवडीचा क्रम उलटा होता. आधी फाँट ठरे, फाँटवरून अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर, त्यावरून ऑपरेटिंग सिस्टीम आणि सर्वांत शेवटी यंत्र. हा क्रम उलटा का झाला आणि त्याची किंमत कशी मोजावी लागली, हे समजून घेतल्याशिवाय महाराष्ट्रातील संगणकाच्या प्रसाराचा एक मोठा भाग कळत नाही.

याचे मूळ सुरुवातीच्या संगणकाच्या पडद्यात आहे. डॉस या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणाऱ्या यंत्राचा पडदा ८० रकाने आणि २५ ओळी अशा ठरलेल्या चौकटींत विभागलेला असे, आणि प्रत्येक चौकटीत एकच अक्षर मावे. रंगीत पडद्यावर ही चौकट अवघ्या ८ बाय ८ ठिपक्यांची होती, तर एकरंगी पडद्यावर ९ बाय १४ ठिपक्यांची. शिवाय एकूण चिन्हे २५६, आणि तीही यंत्रातच कायमची कोरलेली. रोमन लिपीला ही सोय पुरेशी होती, कारण तिचे अक्षर शेजारच्या अक्षराला पाहून आपले रूप बदलत नाही. देवनागरीत मात्र शिरोरेघ एका अक्षरातून दुसऱ्यात अखंड जावी लागते, उकार खाली लोंबतो, रफार डोक्यावर चढतो, आणि जोडाक्षरात दोन-तीन व्यंजने एकमेकांत मिसळून तिसरेच रूप धारण करतात. त्यामुळे केवळ नवा प्रोग्रॅम लिहून भागण्यासारखे नव्हते. पडदा रंगवणाऱ्या यंत्रणेतच हात घालावा लागणार होता.

हे काम जिस्ट तंत्राने केले. कानपूरच्या आयआयटीत १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात देवनागरी टर्मिनलवर जे संशोधन झाले, त्यातून हे तंत्र आकाराला आले. मोहन तांबे हे त्यामागचे प्रमुख अभियंते. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाल्यावर हे काम तिच्याकडे आले आणि जिस्ट कार्ड बाजारात पोहोचले. मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाचे सगळे भाग ज्यावर जोडले जातात त्या मुख्य पाटीवर, जादा कार्डे बसवण्यासाठी ज्या आयएसए खाचा असत, त्यांपैकी एकीत हे कार्ड बसे. ते बसले की मुळात इंग्रजीसाठी लिहिलेल्या डीबेस किंवा वर्डस्टारसारख्या प्रोग्रॅममध्येही पडद्यावर मराठी उमटू लागे, आणि त्या प्रोग्रॅममध्ये कोणताही बदल करावा लागत नसे. मराठीसाठी यंत्राची श्रेणीवाढ करणे याचा पहिला अर्थ असा अगदी शब्दशः होता : कॅबिनेट उघडायचे आणि भाषा आत बसवायची.

या कार्डामागचा विचार त्याच्या कारागिरीपेक्षाही मोलाचा होता. मजकूर साठवताना अक्षराचे चित्र न साठवता अक्षराची ओळख साठवायची, हे त्याचे सूत्र. इस्की या नावाने ओळखली जाणारी ही संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ या क्रमांकाने मानक म्हणून स्वीकारली. तीत २५६ संकेतांपैकी खालचा अर्धा भाग इंग्रजीसाठी तसाच ठेवला होता आणि वरच्या अर्ध्या भागात ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला एकाच क्रमाने मांडली होती. देवनागरीतल्या क चा आणि कन्नडमधल्या क चा संकेत त्यामुळे एकच असे. तो कोणत्या लिपीत दाखवायचा, हे कार्ड ठरवी. १९८६ च्या इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्येही हीच शिस्त दिसते. त्यात स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला, आणि शब्द ज्या क्रमाने उच्चारला जातो त्याच क्रमाने टंकित होतो. ‘कि’ लिहिताना आधी क, मग वेलांटी. वर्णमालेची जाण असलेल्या माणसाला ही मांडणी चटकन उमगते.

छपाईच्या धंद्याने मात्र हा रस्ता धरला नाही, आणि त्यासाठी त्याला दोष देता येत नाही. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ट्रूटाइप फाँट आले आणि अक्षराचा आकार कोणत्याही मापात पडद्यावर व कागदावर सारखाच उमटू लागला. जिस्ट कार्डाची अक्षरे कार्यालयीन नोंदींसाठी ठीक होती, पण पुस्तकाच्या पानाला, लग्नपत्रिकेला किंवा दिवाळी अंकाच्या शीर्षकाला जो डौल लागतो, तो विंडोज आणि पेजमेकर ही पाने जुळवण्याची प्रणाली यांच्या जोडीनेच मिळत होता. पेजमेकरला मराठी कळत नव्हते. तेव्हा त्याला इंग्रजीच्या भ्रमात ठेवून मराठी चित्रे काढून घेण्याची युक्ती निघाली. फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले गेले : अर्धा स, काना, रफार, पहिली वेलांटी, यांतल्या प्रत्येकाला एक इंग्रजी जागा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी आणि सी-डॅकचे आयएसएम ही मराठी अक्षरांची सॉफ्टवेअर, आणि आयएसएमसोबतचे सुरेख, योगेश यांसारखे फाँट याच तंत्रावर उभे राहिले. यांतल्या प्रत्येक घराण्याची तुकड्यांची मांडणी वेगळी असल्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फाँटमध्ये वाचता येत नसे.

हिंदी प्रदेशात सर्वदूर पसरलेला कृतिदेव हा फाँट घेतला तर ही युक्ती नेमकी काय होती ते दिसते. त्यात ‘मराठी’ हा शब्द लिहिला, तर संगणकाच्या लेखी तिथे लहान ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच इंग्रजी अक्षरे पडतात. फाँट जागेवर असेपर्यंत डोळ्यांना ‘मराठी’ दिसते; फाँट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली की अर्थहीन रोमन अक्षरांची रांग समोर येते. जुन्या टाइपरायटरवर हात बसलेल्या टंकलेखकांना ही पद्धत सोयीची वाटली, कारण तिथेही अक्षर उच्चाराच्या क्रमाने न येता दिसण्याच्या क्रमाने येई आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी मारावी लागे. मुरलेल्या हातांची ती गती धंद्याचे भांडवल होती. ती सोडून इनस्क्रिप्ट शिकायला लावणे याचा अर्थ काही महिन्यांची कमाई सोडायला लावणे, आणि रोजच्या रोज ‘जॉब’ उरकून देणाऱ्या दुकानाला ते परवडणारे नव्हते.

यंत्र मात्र स्वस्त होत चालले होते. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीवरची बंधने सैल केली, १९९१ नंतर ती आणखी सैलावली, आणि सुटे भाग जोडून तयार केलेला ‘असेंबल्ड’ संगणक नामांकित कंपनीच्या ‘ब्रँडेड’ यंत्राच्या बरोबरीने बाजारात उभा राहिला. मुंबईत या व्यापाराचे केंद्र ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड झाले. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा हा रस्ता कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण बाजार त्याला जुन्याच नावाने ओळखतो. असेंबल्ड यंत्राचे बळ हे की कॅबिनेट, मॉनिटर आणि हार्ड डिस्क तशीच ठेवून फक्त मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलता येत असे. डीटीपीवाल्याने एवढी स्वस्त श्रेणीवाढ आनंदाने केली असती. त्याला रोखून धरी ते यंत्राच्या पाठीमागे लावलेले, काडेपेटीएवढे ‘लॉक’.

लॉक म्हणजे सॉफ्टवेअरची नक्कल होऊ नये म्हणून दिलेली हार्डवेअरची चावी. ती प्रिंटरच्या पॅरलल पोर्टमध्ये खोचलेली असे आणि सॉफ्टवेअर सुरू होताना तिची खात्री करून घेई. लॉक सापडले नाही तर मराठी टंकित होणेच बंद. एका दुकानात तीन यंत्रे आणि लॉक एक, अशी स्थिती असली की मराठीचे काम त्या एका यंत्रावर रांग लावी. विंडोज ९५ आणि ९८ या प्रणाली प्रोग्रॅमला पोर्टशी थेट बोलू देत. एनटी या विंडोजच्या वेगळ्या घराण्यातल्या विंडोज २००० आणि एक्सपी यांनी सुरक्षिततेसाठी ही मुभा काढून घेतली आणि मध्ये ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचा भाग आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यात दुभाष्याचे काम करणारा छोटा प्रोग्रॅम, आवश्यक केला. जुन्या लॉकला तो ड्रायव्हर नसेल तर नवी विंडोज टाकणे म्हणजे विकत घेतलेली मराठी अक्षरे गमावणे. पुढे पॅरलल पोर्टच मदरबोर्डवरून नाहीसे होत गेले. जिस्ट कार्डाची गत त्याआधीच तशी झाली होती, कारण २००० च्या सुमारास नव्या मदरबोर्डवर आयएसए खाच येईनाशी झाली.

नव्या शतकाची पहिली काही वर्षे उलटली तरी डीटीपीच्या दुकानांतून विंडोज ९८ हललेली नव्हती, याचे कारण मागासलेपणात शोधणे अन्यायाचे होईल. त्या प्रणालीवर फाँट चालत, लॉक चाले, पेजमेकर चाले आणि जुनी प्रत्येक फाइल उघडे. रॅम वाढवावी म्हटले तरी तिथे एक विलक्षण मर्यादा होती : ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम टाकली तर, विशेष सेटिंग केल्याशिवाय, विंडोज ९८ मेमरी अपुरी असल्याची तक्रार करू शके. यंत्र मोठे केले म्हणून काम वाढेलच असे नाही, हे या धंद्याला अनुभवाने ठाऊक होते. मायक्रोसॉफ्टने ११ जुलै २००६ रोजी या प्रणालीचे साहाय्य थांबवले, तरी आधी ठरलेला फाँट अजूनही तीच प्रणाली मागत होता.

दरम्यान अक्षराची ओळख साठवण्याचा तो जुना विचार जगभर फिरून परत आला. १९९१ च्या युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीने देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरूनच मांडला, आणि विंडोज २००० ही देवनागरी युनिकोड मुळातून जाणणारी विंडोजची पहिली आवृत्ती ठरली. तिच्यासाठीचा मंगल हा फाँट मराठी कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. टाइप, सुलेखन आणि कविता या तिन्हींत आयुष्य घालवलेल्या माणसाचे अक्षर अशा रीतीने कोट्यवधी यंत्रांत गेले, याची नोंद मराठी वाङ्मयाच्या इतिहासानेही घ्यायला हवी. तथापि ही सोय आपोआप हाती येत नव्हती. विंडोज एक्सपीमध्ये कंट्रोल पॅनेलमधल्या प्रादेशिक भाषांच्या खिडकीत जाऊन, गुंतागुंतीच्या लिप्यांच्या फाइली बसवण्याच्या चौकोनात खूण करून, मूळ सीडी घालावी लागे. ते केले नाही तर वेलांटी व्यंजनाच्या मागे सुटी पडे आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहत. अनेकांनी हे दृश्य पाहून ‘युनिकोडला मराठी जमत नाही’ असा निष्कर्ष काढला, आणि सीडी हाताशी नसलेल्या माणसाला तो पटणेही स्वाभाविक होते. २००७ च्या व्हिस्टापासून ही खूण करण्याची गरज उरली नाही.

छपाईची अडचण मात्र संपली नाही. २००१ साली आलेली पेजमेकर ७ ही त्या मालिकेतली शेवटची आवृत्ती युनिकोड जाणत नव्हती, आणि तिची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची नीट जुळणी २०१२ च्या सीएस६ आवृत्तीपासून आली. या मधल्या काळात लेखक घरी युनिकोडमध्ये लिही आणि जुळणीकार तोच मजकूर फाँटच्या संकेतात उतरवून पाने लावी. वेबसाइटसाठी तो पुन्हा युनिकोडमध्ये न्यावा लागे. एकाच भाषेच्या मजकुराला आपल्याच घरात दोनदा भाषांतर केल्यासारखा प्रवास करावा लागणे, हा त्या वर्षांतला सर्वांत मोठा अपव्यय होता. युनिकोडही दरम्यान वाढत होते : ‘ॲ’ या मराठी अक्षराला स्वतंत्र संकेत २००८ च्या ५.१ आवृत्तीत मिळाला, रुपयाचे चिन्ह २०१० मध्ये आले, आणि ज्या जुन्या यंत्रात ही चिन्हे असलेला फाँट नव्हता तिथे ‘ॲप’ या शब्दाचा आरंभ रिकाम्या चौकोनाने होऊ लागला.

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट उलटी घडली आहे. इस्कीत साठवलेला जुना मजकूर युनिकोडमध्ये जवळजवळ अक्षरास अक्षर नेता येतो, कारण दोन्हींत क्रम उच्चाराचाच आहे. त्यानंतरच्या, दिसायला कितीतरी देखण्या फाँटांत जुळवलेली पुस्तके मात्र सहजी सुटत नाहीत. ‘मार्मिक’ हा एक शब्द घेतला तर फाँटमध्ये तो म, काना, पहिली वेलांटी, म, रफार, क असा पडलेला असतो, आणि युनिकोडला तो म, काना, र, हलन्त, म, वेलांटी, क असा हवा असतो. म्हणजे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने वेलांटी पुढे सरकवायची आणि रफार मागे न्यायचा. ‘स्थिती’मध्ये तीच वेलांटी अर्ध्या स च्याही आधी बसलेली असते आणि तिला अख्खे जोडाक्षर ओलांडून थ च्या पलीकडे जावे लागते. जोडाक्षर कुठे संपले याचा अंदाज एकदा चुकला की वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, आणि वर्तनी तपासणाऱ्या प्रोग्रॅमलाही ती दरवेळी सापडत नाही. म्हणून जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढताना रूपांतरित मजकूर मूळ छापील प्रतीशी ओळीओळीने ताडून पाहणारा मुद्रितशोधक आजही लागतो, आणि मूळ फाइल जशी होती तशी उघडून दाखवण्यासाठी, पॅरलल पोर्टात लॉक खोचलेले जुने यंत्र कोपऱ्यात चालू ठेवावे लागते.